रिक्वायरमेंट कोणाची?

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका गोदामासाठी सॉफ्टवेअर बनवलं. चांगलं आठ महिने खपून. ट्रकमधून माल उतरला की तिथल्या माणसाने टचस्क्रीनवर चार बटणं दाबायची, की झाली नोंद. डेमो झकास झाला, टाळ्या पडल्या, केक कापला. दोन महिन्यांनी सहज तिथे गेलो तर स्क्रीनवर धूळ आणि शेजारी एक लांबट वही, तिला सुतळीने बांधलेलं बॉलपेन. नोंदी सगळ्या वहीत! विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "अहो साहेब, हातमोजे घालून ते बटण दबत नाही. आणि मोजे काढत-घालत बसलो तर गाडी खाली कधी करणार?"

आठ महिन्यांत आम्ही मीटिंगा किती केल्या असतील त्याची गणती नाही. हातमोजे घालणारा माणूस त्यातल्या एकाही मीटिंगला नव्हता.

तेव्हापासून मला एक खोड लागलीये. कुठल्याही संशोधनाबद्दल वाचलं की पहिला विचार येतो, ह्याची रिक्वायरमेंट कोणाची होती? शाळेत आपण शिकलो शोध कोणी लावला आणि कुठल्या साली. एका मार्काचा प्रश्न. पण मुळात प्रश्न कोणाला पडला होता, आणि उत्तर मिळाल्यावर त्याची किंमत कोणी मोजली, हे कोणी विचारलं नाही. गेले काही शनिवार-रविवार मी आपल्याकडच्या चार गोष्टी वाचत होतो: एक जंगलाची, एक तबल्याची, एक रॉकेटची आणि एक घरांची. चारांचा एकमेकांशी तसा काही संबंध नाही. तरी ह्या एका प्रश्नापुरत्या त्या शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत.

जंगल

१८५६ साली डीट्रिख ब्रँडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातल्या पेगूला आला. इंग्रजांनी पेगू नुकतंच, म्हणजे १८५२ मध्ये, जिंकलं होतं, आणि तिथल्या सागावर त्यांचा डोळा होता. जहाजांना साग लागायचा. शिवाय १८५३ मध्ये आपल्या बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली होती आणि आता देशभर रूळ पडायचे होते. मैलभर रुळांखाली पावणेदोन ते दोन हजार लाकडी स्लीपर लागतात, आणि दहा-पंधरा वर्षांत ते बदलावेही लागतात. म्हणजे प्रश्न सरळ होता, जंगलात साग आहे किती?

आता एवढ्या जंगलातली झाडं मोजायची कशी? ब्रँडिस हत्तीवर बसून निघायचा. डाव्या हातात काठ्यांचे तुकडे, झाडाच्या जाडीच्या प्रत्येक गटासाठी एक. उजव्या हातात चाकू. वाटेच्या बाजूला सागाचं झाड दिसलं की त्याच्या जाडीच्या काठीवर एक खाच. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर खाचा मोजायच्या आणि वहीत उतरवायच्या. ना कागद भिजायची भीती, ना शाई सांडायची. आपल्या भाषेत सांगायचं तर सँपलिंग. वाटेतल्या पट्ट्यातल्या झाडांवरून अख्ख्या जंगलाचा अंदाज. मग त्यावरून हिशोब, की लहान झाडं मोठी व्हायला किती वर्षं लागतात आणि म्हणून दरवर्षी मोठी किती तोडली तर जंगल संपणार नाही.

मला हा माणूस फार आवडला. इतक्या साध्या साधनांनी इतकं नेमकं काम! आणि हे काम झालं नसतं तर तो साग ठेकेदारांनी काही वर्षांत साफ केला असता, हेही खरंच. १८६४ मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानातल्या जंगलांचा पहिला इन्स्पेक्टर जनरल झाला. १९०६ मध्ये डेहराडूनला वन संशोधन संस्था निघाली, ती त्यानेच घातलेल्या पायावर.

पण प्रश्न 'साग किती?' असा असला की जंगलात फक्त साग दिसतो. मोह दिसत नाही, तेंदूची पानं दिसत नाहीत, मध गोळा करणारी माणसं दिसत नाहीत. दिसलीच तर हिशोबातली गळती म्हणून. ब्रँडिसला स्वतःला ह्याची जाणीव होती. त्याने आपल्याकडच्या देवरायांबद्दल आदराने लिहिलंय, आणि गावांची स्वतःची जंगलं असावीत असं त्याचं म्हणणं होतं. पण बेडन-पॉवेलसारख्या अधिकाऱ्यांना जंगलावर संपूर्ण सरकारी मालकी हवी होती आणि १८७८ च्या वन कायद्यात बऱ्याच अंशी त्यांचंच म्हणणं उतरलं. कायद्यात गावाच्या वनाचं एक प्रकरण होतं खरं, पण ते जवळजवळ कागदावरच राहिलं. पिढ्यान् पिढ्या जे हक्क होते त्यांचं नाव 'सवलत' झालं. आणि सवलत काय, कधीही काढून घेता येते.

ही गोष्ट इथे संपत नाही, पण तिच्या शेवटाकडे शेवटीच येऊ.

तबला

दुसरी गोष्ट कलकत्त्याची. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये तिथे सरकारी हिशेब खात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. नोकरी दिवसभराची. सकाळी कचेरीच्या आधी आणि संध्याकाळी कचेरीनंतर ते बहूबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ह्या संस्थेत जाऊन प्रयोग करत. १९१७ मध्ये प्राध्यापक होईपर्यंत बहुतेक काळ हेच. (आपण ऑफिसनंतर जिमला जायचा कंटाळा करतो.)

त्यांना लागलेलं एक वेड म्हणजे वाद्यं. पाश्चात्य भौतिकशास्त्रात ढोलांची फारशी पत नव्हती, आणि त्याला कारण होतं. तार छेडली की तिच्या मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वरही निघतात. साध्या आकड्यांची पटीतली नाती, म्हणून कानाला गोड. पण गोल पडद्यावर थाप मारली की ही नाती बिघडतात. मूळ कंपन १ धरलं तर पुढची साधारण १.५९, २.१४, २.३० अशी वेडीवाकडी येतात. सूर लागत नाही, नुसता आवाज होतो. हे गणित चोख आहे, त्यात चूक नाही.

मग आपला तबला सुरात कसा लागतो?

१९२० मध्ये रामन आणि शिवकाली कुमार यांनी ह्यावर 'नेचर' ह्या विज्ञान-नियतकालिकात एक टिपण छापलं, आणि पुढे १९३०च्या दशकात रामन यांनी सविस्तर निबंध लिहिला. उत्तर तबल्याच्या मधोमध दिसतंच: काळी शाई. मध्ये जाड आणि कडेला पातळ होत गेलेल्या त्या थरामुळे पुडीचं वजन असं काही वाटलं जातं की ती वेडीवाकडी कंपनं सरकून जवळजवळ १, २, ३, ४, ५ ह्या पटींवर येऊन बसतात. रामन यांनी पुडीवर बारीक वाळू टाकून, ती कुठल्या रेषांवर गोळा होते ते पाहून दाखवलं की पहिले नऊ कंपनप्रकार मिळून असे पाच स्वर तयार होतात. नऊ जण पाच ओळींत शिस्तीत उभे! तंबोऱ्याच्या जवारीवरही त्यांनी काम केलंय. तो पट्टीसारखा रुंद, किंचित गोलवा दिलेला घोडा आणि खाली सरकवलेला दोरा तारेतून असे स्वर काढतो, जे नेहमीच्या नियमाने तिथे ऐकूच येऊ नयेत.

इथे माझ्या खोडीची पंचाईत होते. कारण ह्या संशोधनाची रिक्वायरमेंट कोणाचीच नव्हती. कुठल्या खात्याला तबल्याचं गणित नको होतं, रेल्वेला तर नकोच नको. एका माणसाला आश्चर्य वाटलं आणि तो त्या आश्चर्याच्या मागे गेला. सगळ्या संशोधनाला 'युजर कोण?' असं दरडावून विचारायला लागलो तर रामन पहिल्याच मीटिंगमध्ये आऊट.

पण जरा मागे जाऊन बघा. शाई पहिल्यांदा लावली कोणी? एका कारागिराने नाही, कारागिरांच्या कितीतरी पिढ्यांनी. लोखंडाची बारीक पूड आणि खळ एकत्र मळायची, एक पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, टिचकी मारून ऐकायचं. पुन्हा थर, पुन्हा घोटणं, पुन्हा टिचकी. आणि समोर वाजवणारा बसलेला: 'अजून थोडा दाबतोय', 'आता मोकळा झाला'. ह्यांना बेसेल फंक्शन माहीत नव्हतं, पण चूक कुठे होतेय ते सांगणारा माणूस हाताच्या अंतरावर होता. रामन यांनी ह्या जुन्या वाद्यकारांच्या ज्ञानाला मनापासून दाद दिली आहे. संशोधन त्यांचंही होतंच, फक्त ते छापलं गेलं नाही आणि त्यावर कोणाचं नाव नाही. मिरजेला तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत कधी गेलात तर बघा, दोरा सरकवून जवारी लावणारा माणूस आजही डोळे मिटून ऐकत असतो.

रॉकेट

तिसरी गोष्ट आपल्याला फोटोंमुळे माहीत असते: सायकलच्या कॅरियरवर रॉकेटचा शंकू, मागे समुद्र. केरळातलं थुंबा. तिरुवनंतपुरमजवळचं हे मच्छीमारांचं गाव निवडलं गेलं ते एका अगदी तांत्रिक कारणाने. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळून जातं, आणि त्याच्या वर साधारण शंभर-एकशे दहा किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो. फुग्यांसाठी फार उंच, उपग्रहांसाठी फार खाली. त्याचा अभ्यास करायचा तर तिथपर्यंत रॉकेटच पाठवायला हवं. जागा शोधणाऱ्यांत विक्रम साराभाईंबरोबर मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते.

नेमकं त्या जागेवर सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं, बिशपचं घर होतं, आजूबाजूला कोळ्यांची वस्ती होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी लोकांसमोर हा विषय ठेवला आणि लोकांनी जागा दिली. बिशपच्या घरात कचेरी आली, चर्चमध्ये प्रयोगशाळा. २१ नोव्हेंबर १९६३ ला अमेरिकेकडून मिळालेलं नायके-अपाचे रॉकेट तिथून उडालं आणि संध्याकाळच्या आकाशात सोडियमच्या वाफेचा केशरी ढग पसरला.

प्रश्न शास्त्रज्ञांचा होता आणि किंमत कोळ्यांनी मोजली. फरक एवढा की त्यांना आधी विचारलं गेलं. 'फक्त विचारलंच ना' असं कोणी म्हणेल. पण त्या काळात धरणांसाठी उठवलेल्या गावांच्या कहाण्या आठवल्या की हे 'फक्त' तेवढं लहान वाटत नाही.

मला ह्याहून पुढची पायरी जास्त महत्त्वाची वाटते. गरीब देशाला अवकाश कशाला हवं, हा प्रश्न साराभाईंना सारखा विचारला जायचा, आणि त्यांनी तो टाळला नाही. उपग्रहावरून थेट खेड्यात टीव्ही न्यायचा, ही त्यांची कल्पना. १९७१ मध्ये ते गेले, पण १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर तो प्रयोग झालाच: साइट. उपग्रह नासाचा, उसना. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं. अँटेना आपली, चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. चिटणीस ह्या प्रयोगाच्या मुख्य सूत्रधारांपैकी एक. आणि काही गावांत मानववंशशास्त्राचे अभ्यासक चक्क राहायला गेले, टीव्हीने गावात काय होतं ते बघायला. म्हणजे हातमोजेवाल्याच्या शेजारी बसून! त्याच सुमाराला गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज गावाच्या छोट्या प्रक्षेपकावरून मजुरी, जातिभेद, सावकारी असल्या विषयांवर कार्यक्रम झाले, तिथल्याच बोलीत, तिथल्याच लोकांना घेऊन. विषय ठरवायला माणसं गावात जाऊन बसायची.

साइटचं वर्ष ३१ जुलै १९७६ ला संपलं. उसना उपग्रह परत गेला आणि कित्येक गावांतले टीव्ही संच मुके झाले. पुढे आपले उपग्रह आले, रंगीत टीव्ही आला, मालिका आल्या. गावात जाऊन बसायची ती पद्धत मात्र मागे पडली.

घर

चौथी गोष्ट आपल्या घरातली आहे, आणि हसण्यावारी न्यायची नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसं गेली. भूकंप फार मोठा म्हणावा असा नव्हता, ६.२ च्या आसपास. माणसं मारली ती घरांनी. हातभराहून रुंद दगडी भिंती, पण मातीत रचलेल्या. बाहेरचा दगड बाहेर, आतला आत, मध्ये भर, आणि दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. वर माळवदाचं मातीचं ओझं.

गंमत नाही, दुःखाची गोष्ट ही की तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा. दख्खनचा जुना, स्थिर खडक. आणि त्याआधीचं जवळपास वर्षभर, १९९२ पासून, किल्लारीच्या लोकांना बारीकसारीक धक्के जाणवत होते. प्रश्न त्यांना पडलेला होता, झोप उडवणारा. नकाशाला तो पडला नव्हता.

भूकंपानंतर जे पुनर्वसन झालं ते प्रचंड होतं. ५२ गावं नव्या जागी वसवली. नवा प्रश्न होता, 'न पडणारं घर लवकरात लवकर कसं द्यायचं?' प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता. एका मित्राच्या लग्नाला औशाला गेलो होतो तेव्हा वाकडी वाट करून अशा एका नव्या गावात गेलो. शहरातल्या कॉलनीसारखे सरळ रस्ते, ओळीत घरं, आणि जवळजवळ प्रत्येक घराला मागाहून जोडलेली पत्र्याची शेड. एक आजोबा भेटले. म्हणाले, "घर पक्कं हाय की, पडायचं न्हाई. पर तवा आमाला कुणी इचारलं न्हाई, बैलं कुठं बांधायची, कडबा कुठं ठिवायचा, सून अंगण कुठं सारवंल." मला एकदम ते सुतळीने बांधलेलं बॉलपेन आठवलं. शेड म्हणजे त्यांची वही होती.

पण ह्याच पुनर्वसनात एक वेगळंही काम झालं, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. जी गावं हलवली नाहीत तिथली लाखाहून जास्त घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. भिंतीला भोक पाडून आरपार सांधा घालायचा, वरचं ओझं कमी करायचं, कोपरे बांधून घ्यायचे. हे घरोघरी पोचवायला गावातल्या महिला मंडळांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं, स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या मदतीने. ज्या बायकांनी गावच्या बैठकीत कधी तोंड उघडलं नव्हतं त्या इंजिनियरला विचारायला लागल्या, की ही सळई इथेच का? २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा ह्यांतल्या काही जणी तिकडे गेल्या, तिथल्या बायकांना सांगायला, की घर बांधताना काय काय विचारायचं. उत्तरं नेली नाहीत त्यांनी, प्रश्न नेले.

पुन्हा जंगल

आता पहिल्या गोष्टीचा राहिलेला शेवट. गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड वस्तीचं छोटं गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांची. तिथे अभ्यास गट चालतात. गावातले लोक आणि बाहेरचे जाणकार एका विषयावर एकत्र बसतात, माहिती गोळा करतात, वाद घालतात. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि सर्वांच्या सहमतीनेच. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही ह्यातली दोन माहितीतली नावं.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. तरी बांबू विकायचा म्हटलं तर वाहतुकीचा पास वन खात्याकडेच. कारण काय, तर जुन्या वन कायद्याच्या लेखी बांबू हे झाड. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे आणि नव्या कायद्यातही तो गौण वनोपज आहे, पण १८७८ पासून चालत आलेली वही ती! शेवटी एप्रिल २०११ मध्ये पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. पेगूच्या जंगलात काठीवर पडलेल्या पहिल्या खाचेनंतर तब्बल १५५ वर्षांनी, जंगलात काय आहे आणि त्यातलं किती काढायचं हे मोजायचा अधिकार जंगलात राहणाऱ्यांकडे आला.

असो. ह्यातून मी 'युजरला विचारल्याशिवाय संशोधन नको' असला नियम काढणार नाही, रामन आडवे येतात. आश्चर्य वाटून केलेल्या कामाला कोणाची परवानगी लागत नाही, आणि लागू नये. पण ज्या कामाने कोणाचं घर, रान किंवा गाव बदलणार आहे, तिथे तो माणूस उत्तर ऐकायला बोलवून भागत नाही. प्रश्न ठरतो तेव्हा तो खोलीत हवा.

उद्या सोमवार. नव्या प्रोजेक्टची पहिली मीटिंग आहे, अकरा जणांना बोलावलंय. त्यातलं एकही माणूस ते सॉफ्टवेअर स्वतः वापरणार नाहीये. बारावं आमंत्रण आजच पाठवतो.